टीव्हीतलं जग आणि गेटबाहेरचं जग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते एका मराठी दैनिकातून उपसंपादक म्हणून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



समितीने मला विषय दिला आहे ‘टीव्ही, प्रसारमाध्यमं आणि आपण’ आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. माझ्यानंतर छोट्या मुलांचा नाच आहे. त्यांच्या आया आत्तापासूनच घड्याळ बघताहेत, म्हणून मी थेट मुद्द्यावर येतो.

या विषयावर साधारणपणे दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, टीव्हीने मुलं बिघडली. दोन, सगळ्या बातम्या खोट्या आणि विकलेल्या असतात. या दोन्हींवर टाळ्या मिळतात. पण मी एकतीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली आहेत आणि माझा अनुभव जरा वेगळा आहे. बातमी अगदी शंभर टक्के खरी असते, आणि तरीही ती वाचून किंवा पाहून आपल्या डोक्यात जे जग तयार होतं ते चुकीचं असू शकतं. हे कसं होतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी थोडं जुनं. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. आमच्या मजल्यावर टीव्ही आला तो फक्त एका बिऱ्हाडात. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. ‘गजरा’ असो, ‘चिमणराव’ असो, नाहीतर ‘आमची माती आमची माणसं’ असो, आम्ही सगळं बघायचो. शेतीशी संबंध नसलेली चाळीतली मुलं उसावरच्या किडीची माहिती तोंड उघडं ठेवून ऐकायची. पुढे जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडायचे ते इथल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल.

त्या टीव्हीत एक गोष्ट होती, ती तेव्हा लक्षात आली नाही. वीस माणसं एका खोलीत बसून बघायची. बातम्या सुरू असताना कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘अहो, असं काही नसतं, मी स्वतः परवा तिथे होतो.’ म्हणजे बातमी आणि तिच्यावरचा शेरा दोन्ही एकाच खोलीत असायचे. १९९९ मध्ये आपण इथे राहायला आलो तेव्हा घरोघरी टीव्ही होता, गच्चीवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या. २००७ च्या सुमाराला मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या. आता तर एका घरात चार माणसं चार मोबाइलवर चार वेगळी जगं बघतात. ‘असं काही नसतं’ म्हणणारं शेजारी कुणी उरलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. रात्रपाळीत टेलिप्रिंटरवर कागदाची भेंडोळी पडत असायची. नंतर त्याच बातम्या संगणकाच्या पडद्यावर दिसू लागल्या, एवढाच फरक. बातम्या यायच्या ढिगाने, पानात जागा मोजकी. मग आम्ही निवडायचो. कशी? आज डोंबिवलीहून सुटलेली लोकल वेळेवर सीएसटीला पोहोचली, ही बातमी नाही. गाडी घसरली तर बातमी. सासू-सुनेने मिळून दिवाळीचा फराळ केला, बातमी नाही. सुनेने सासूला कोंडलं, बातमी. यात आमचा दुष्टपणा नाही. जे रोज घडत नाही त्यालाच बातमी म्हणतात. पण वाचणाऱ्याला रोज सकाळी चहाबरोबर फक्त ‘जे रोज घडत नाही’ तेच मिळतं. वीस वर्षं असं वाचलं की माणसाला वाटायला लागतं, जगात दुसरं काही घडतच नाही.

आणखी एक धंद्यातलं गुपित सांगतो. बातमी लिहिताना महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली लिहायची पद्धत आहे. का? तर ऐनवेळी जाहिरात आली आणि जागा कमी पडली, तर बातमी खालून कापता यावी म्हणून. मी हजारो बातम्या खालून कापल्या असतील. आता या शेवटच्या परिच्छेदात काय असतं? बहुतेक वेळा तिथे ‘मात्र’ असतो. ‘मात्र पोलिसांनी याला दुजोरा दिलेला नाही.’ ‘मात्र संबंधितांनी आरोप फेटाळले.’ ‘मात्र गेल्या वर्षीपेक्षा हे प्रमाण कमी आहे.’ जागेअभावी आम्ही तो ‘मात्र’ कापायचो. वर जे उरलं ते सगळं खरंच असायचं. फक्त ‘मात्र’ गेलेला असायचा.

निवडण्याचं आणि कापण्याचं झालं. तिसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा कुठे उभा आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी मुंबईत ऑफिसात दोन रात्री अडकलो होतो. इथे आपल्याकडे वीज नाही, फोन बंद. सौ. घरी एकटी. सी विंगच्या बायकांनी जिन्यात स्टोव्ह मांडून पिठलं-भात केला आणि वाटेत अडकलेल्या, ओळखही नसलेल्या माणसांना जेवू घातलं. माझा मेहुणा नागपूरला. तो चोवीस तास हिंदी वाहिनी लावून बसलेला. चौथ्या दिवशी फोन लागला तर रडायलाच लागला. म्हणाला, ‘तुम्ही आहात ना? आम्हाला वाटलं तुमची बिल्डिंग गेली.’ म्हणजे पाण्यात होतो आम्ही, पण सगळं ‘माहीत’ होतं त्याला. आणि त्याला जे माहीत होतं त्यात पिठलं-भात नव्हता.

पण ही झाली हसण्यासारखी गोष्ट. दुसरी तशी नाही. त्याच पावसात रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात डोंगर खाली आले. जुई, दासगाव, कोंडिवते या गावांत दरडींखाली दीडशेहून जास्त माणसं गेली. माझं मूळ गाव त्याच तालुक्यातलं. ती पहिली त्रोटक खबर कार्यालयात आली तेव्हा टेबलावर मीच होतो. रस्ते बंद, फोन बंद, फोटो नाही, आकडा नक्की नाही. पहिलं पान मुंबईच्या पाण्याच्या फोटोंनी भरलेलं. मी ती बातमी चार ओळींची केली आणि आतल्या पानावर लावली. त्या वेळी नियमाने ते बरोबर होतं. खात्री नसलेली बातमी मोठी करायची नसते. नंतर सगळं कळलं, मोठं छापूनही आलं. पण आज कुणालाही विचारा, ‘सव्वीस जुलै म्हटलं की काय आठवतं?’ मुंबईतल्या पाण्यात बुडालेल्या बस आणि रुळांवरून चालणारी माणसं. जुई गाव किती जणांना आठवतं? कॅमेरे मुंबईत होते, म्हणून आठवणही मुंबईचीच राहिली. माझ्या गावाकडच्या माणसांनाही मी चार ओळींच्या वर जागा देऊ शकलो नाही, हे मला आजही खातं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं. २६ नोव्हेंबर २००८. डोळे मिटा. काय दिसतं? ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. बरोबर? पण त्या हल्ल्यात एका ठिकाणी सर्वात जास्त माणसं कुठे गेली? ताजमध्ये नाही. सीएसटी स्टेशनवर. पन्नासहून अधिक. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघत, बोचकी घेऊन बसलेली साधी माणसं. तिथला गोळीबार लवकर संपला, आणि ताज मात्र तीन दिवस धुमसत होतं. कॅमेरे तिथे लागले आणि तेच चित्र साठ तास आपल्या घरात चालू राहिलं. सीएसटीवर रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे जिवावर उदार होऊन माइकवरून प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून कितीतरी जीव वाचले. आपण डोंबिवलीकर रोज त्याच स्टेशनवर उतरणारे. पण आपल्यासुद्धा मनात पहिलं चित्र येतं ते ताजचं. कुणी खोटं दाखवलं का? नाही. ताज खरंच जळत होतं.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर नावाचे प्राध्यापक होऊन गेले. जन्माने हंगेरीचे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं टीव्हीवरचे कार्यक्रम मोजले, त्यांत मारामाऱ्या किती, खून किती, हे टिपलं, आणि मग बघणाऱ्यांना प्रश्न विचारले. त्यांना असं आढळलं की जे लोक खूप टीव्ही बघतात त्यांना जग जेवढं आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं आणि त्यांचा माणसांवरचा विश्वास कमी असतो. याला त्यांनी नाव दिलं ‘मीन वर्ल्ड सिंड्रोम’. दुष्ट जगाचा आजार म्हणा हवं तर. काही अभ्यासकांनी यावर शंका घेतली, की कदाचित घाबरट माणसंच घरात बसून जास्त टीव्ही बघत असतील. शंका रास्त आहे. पण आपल्या आसपास बघा. संध्याकाळी तीन तास गुन्ह्यांच्या मालिका आणि बातम्या बघणारे आमचे एक मित्र, नाव घेत नाही, ते समोरच बसलेत, त्यांनी दाराला चौथी कडी लावून घेतली आहे. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत चोरी झाली ती एकदा. तीही सायकलची. आणि ती सायकल नंतर बी विंगच्या मागे सापडली. (हशा)

मी एकांगी बोलणार नाही. या माध्यमांनी चांगलंही खूप केलं. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे, आणि वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून तिथली दृश्यं पोहोचल्यावर देशभरातून मदतीचा ओघ लागला. पोलिओच्या ‘दो बूंद’च्या जाहिराती घरोघर पोहोचल्या नसत्या, तर त्या मोहिमेला एवढी साथ मिळाली असती का? २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात रेडिओ-टीव्हीचाही वाटा आहे. म्हणून टीव्ही फोडा, मोबाइल फेका असलं काही मी सांगणार नाही. मी स्वतः रोज दोन तास बघतो.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं, ते सांगतो. हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

२०१८ चा जून महिना. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज सगळीकडे फिरत होते. मला एक व्हिडिओ आला. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पळून जातात. बघून माझ्या पोटात गोळा आला. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा. मी तो व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘मुलांना सांभाळा. अनोळखी माणसांना गेटच्या आत घेऊ नका.’ ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा आल्या. कुणीतरी लिहिलं, ‘काका पत्रकार आहेत, म्हणजे खात्रीची बातमी.’ मला बरं वाटलं.

चार दिवसांनी दुपारी आपल्या गेटवर गलका झाला. आपल्याकडे एक बोहारीण यायची. जुन्या साड्या, पँटी घेऊन स्टीलची भांडी द्यायची. सोसायटी नवी होती तेव्हापासून येत होती. आमच्या घरातला पोळ्यांचा डबा तिच्याकडचाच. त्या दिवशी ती नेहमीसारखी एकटी नव्हती. बरोबर तिची सून होती आणि सुनेच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल. वॉचमन नवा होता, त्याने अडवलं. दहा-पंधरा माणसं जमली. ‘मूल कुणाचं?’ ‘आधार कार्ड दाखव.’ ‘मूल आईसारखं दिसत नाही.’ मूल घाबरून रडायला लागलं, तर एकजण म्हणाला, ‘बघा, रडतंय, म्हणजे हिचं नाहीच.’ दोघं मोबाइलवर शूटिंग करत होते. तिची भांड्यांची टोपली कलंडली आणि वाट्या पार रस्त्यापर्यंत घरंगळत गेल्या.

मी हे सगळं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होतो. मी तिला ओळखलं होतं. मी खाली गेलो नाही. मनात एकच विचार होता, की न जाणो, खरंच असेल तर?

खाली गेल्या त्या ए विंगच्या तळमजल्यावरच्या आजी. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काठी टेकत गेटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, ‘अगो बाई, ही तर आपली बोहारीण! हिला काय विचारता? मला विचारा.’ आजी व्हॉट्सॲपवर नव्हत्या. त्यांनी माझा व्हिडिओ पाहिलेला नव्हता. त्यांनी फक्त ती बाई पाहिलेली होती, सतरा वर्षं. त्यांनी दोघींना घरात नेलं, पाणी दिलं, मुलाच्या हातावर बिस्कीट ठेवलं. गर्दी पांगली. सगळ्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि विषय संपला.

मग १ जुलै उजाडला. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजारात पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ती माणसं होती सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत पोटासाठी फिरणारी. तिथे कुणी आजी काठी टेकत आली नाही, किंवा आली असली तरी तिचं कुणी ऐकलं नाही.

नंतर माझ्याकडे आलेल्या त्या व्हिडिओची हकिकत छापून आली. तो आपल्याकडचा नव्हताच. कराचीत एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत शेवटी ती मोटारसायकल परत येते, मुलाला सोडते आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवते. आपल्याकडे फिरवताना कुणीतरी तेवढा शेवट कापला होता. म्हणजे ‘मात्र’ कापला होता. जो माणूस एकतीस वर्षं खालून कापण्याचं काम करत होता, त्यालाच हे ओळखता आलं नाही. ज्याने सगळ्यांना विचारायला हवं होतं, ‘याचा शेवटचा परिच्छेद कुठे आहे?’, त्यानेच तो पुढे ढकलला. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त मेसेज पुढे पाठवण्यावर बंधन घातलं. पण मला पाच कशाला, एकच ग्रुप पुरला होता.

आपल्या गेटवर सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण ती बोहारीण त्यानंतर आपल्या गल्लीत आली नाही. वाट्या मात्र दोन राहिल्या होत्या. रस्त्याकडेच्या गटाराजवळ सापडल्या. संध्याकाळी मी त्या उचलून घरी आणल्या. अजून आमच्याकडे आहेत.

म्हणून सोसायटीला माझ्या तीन साध्या सूचना आहेत. ठराव वगैरे नको, नाहीतर एजीएममध्ये दोन तास जातील. (हशा) पहिली, ग्रुपवर काही टाकण्याआधी स्वतःला विचारा, हे कधीचं, कुठलं, आणि याचा शेवट मी पाहिला आहे का? उत्तर नसेल तर टाकू नका. ‘आला तसा पाठवला’ असं लिहून जबाबदारी टळत नाही. दुसरी, टीव्हीवर मोठी घटना चालू असेल तेव्हा एकदा तरी मनाशी म्हणा, कॅमेरा कुठे उभा आहे आणि कुठे नाही? आज जुई गाव कुठलं असेल? तिसरी, महिन्यातून एखाद्या रविवारी कट्ट्यावर सगळे एकत्र बसू. तरुण, म्हातारे, आणि वॉचमन, सफाईवाल्या ताई, दूधवालेसुद्धा. चाळीत होती तशी ‘असं काही नसतं, मी तिथे होतो’ म्हणणारी माणसं पुन्हा जवळ असू द्यात.

आजी, त्या दिवशी तुम्ही खाली गेलात, मी गेलो नाही. सगळ्यांसमोर तुमचे आभार मानतो आणि माफीही मागतो.

शेवटचं सांगतो आणि मुलांच्या नाचाला वाट करून देतो. गेटवरच्या आपल्या वॉचमनदादांना माझी विनंती आहे. साठी उलटलेली, डोक्यावर भांड्यांची टोपली, कपाळावर मोठं गोंदण, अशी कुणी बाई कधी गेटवर दिसली, तर तिला थांबवा. आधार कार्ड मागू नका. बसायला खुर्ची द्या आणि मला बेल मारा. लिफ्ट बंद असली तरी मी खाली येईन. माझ्याकडे तिच्या दोन वाट्या आहेत.